पेंटही एनसी, तक्रारही एनसी : 66,500 चा चुना

आधीच सांगतो, मी काही दूधखुळा नाही. बाबांनी घेतलेली 1986 ची प्रीमियर पद्मिनी दोन वर्षं झाली घराच्या पोर्चमध्ये मी स्वतः उघडून बसलोय, कार्बोरेटर मी साफ केला, ब्रेकचे सिलिंडर मी बदलले, वायरिंग अख्खं मी ओढलं. पत्रा आणि पेंट तेवढं हातात बसत नाही म्हणून माणूस बोलावला, आणि तिथंच गेलो. घरात रोज ऐकतोय, तेव्हा तुम्ही आणखी नको.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली आणि एकदम सगळ्यांना ही गाडी आठवली. असले कारागीरही तेव्हापासूनच उगवलेत. हा ओळखीच्याच्या ओळखीतून आला, बोलायला इतका गोड की चहा मीच विचारायचो. "दादा, घरीच करून देतो, टू-के मारतो, पाच वर्षं बघायला नको." टू-के म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून मारायचा पक्का रंग. 62,000 ठरले. 20,000 अॅडव्हान्स, 18,400 मटेरियलचे, 9,000 दोन्ही रनिंग बोर्डचा (दारांखालच्या पट्टीचा) पत्रा कापून नवीन लावायचे, 14,600 काम झाल्यावर. सगळे यूपीआयने, पण त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. हो, माहितीये, तिथंच कळायला हवं होतं. पण त्याचं मला एवढं वाटत नाही.

जे वाटतं ते सांगतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी अर्धा डबा रंग उरला. त्याने झाकण लावलं, कोपऱ्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा काठीने ढवळून स्प्रे गनमध्ये ओतला. मी समोर उभा होतो. टू-के मध्ये हार्डनर घातला की उरलेला माल काही तासांत डब्यातच दगड होतो, दुसऱ्या दिवशी ओतता येतच नाही, हे मला माहीत होतं हो, वाचलेलं होतं! आणि मी काय म्हणालो? "बरंय, माल वाया घालवत नाही." माझ्याच तोंडाने. रात्री दोन-दोन वाजता ते वाक्य आठवतं. तोंडाला मास्क नाही, साधा रुमाल, तेही दिसत होतं, टू-के मारणारा माणूस असा उभा राहत नाही. पण बॉनेटवर फिकट निळा रंग चढत होता, बाबांच्या वेळी होता अगदी तस्साच, आणि मी विरघळलो.

महिन्याने दारावर डांबराचा ठिपका पडला म्हणून फडक्याला थोडं थिनर लावून पुसला, तर ठिपक्यासकट रंगच फडक्यावर. एनसी मारलेला, साधा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हार्डनर नसलेला, थिनरने विरघळणारा रंग. तुम्ही गाडी ताब्यात घ्यायच्या आधी कुठल्यातरी आतल्या कोपऱ्यात हे करून बघाच, कारागिराला राग आला तर येऊ द्या.

मग पाऊस आला आणि रनिंग बोर्डला फोड. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. नवीन पत्रा नव्हताच, गंजाच्या भोकांत वर्तमानपत्र कोंबून वरून लांबी (पुट्टी) थापलेली, कागदावरची जाहिरात वाचता येत होती. वेल्डिंग मी ऑफिसात असताना झालं असं तो म्हणाला होता. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर, म्हणजे रनिंग बोर्ड सडका तर गाडी सडकी. दहा रुपयांचं लोहचुंबक फिरवलं असतं तर कळलं असतं. लांबीवर चिकटत नाही ते.

आणि बंपर. पुढचा-मागचा दोन्ही आणि जाळी, निकेल-क्रोम करून आणतो म्हणून 4,500 घेऊन घेऊन गेला तो गेलाच. फोन बंद. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना कधीचा बंद, ओरिजिनल बंपर आणू कुठून? पासिंग तोंडावर आलंय आणि गाडीला पुढचा दातच नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी "पेंट खराब मारला तर आम्ही काय करणार, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं पेंटचं सोडा, बंपर नेऊन परत न देणं हा विश्वासघात आहे, भारतीय न्याय संहिता कलम 316, वाचून आलोय. तर हवालदार हसून म्हणाले "वकील आहात का?" तीन तास बाकावर, मग हातात एनसीचा कागद, अदखलपात्र. पेंट एनसी, तक्रारही एनसी! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणून तिकडे गेलो, तर खिडकीवर पहिला प्रश्न, बिल कुठंय, समोरच्याचा पत्ता कुठंय. बिल असतं तर मी रडलो कशाला असतो? परत ठाण्यात, पत्ता शोधून द्या म्हणून, तर "ते आयोगाचं काम." एक इकडे ढकलतो, एक तिकडे, सहा सुट्ट्या गेल्या माझ्या. आता एसपींना लेखी अर्ज पोस्टाने टाकलाय, पोच ठेवलीय.

आधार कार्डाचा फोटो घ्या, पैसे द्यायच्या आधी. सुटा पार्ट घराबाहेर जाऊ देऊ नका, गेला तर आपण मागून जा. डबे आपण आणा, हार्डनर वेगळा येतो, तो डोळ्यासमोर ओतायला लावा.

आणि जुन्या बाजारात कुणाला पद्मिनीचा मागचा बंपर दिसला तर उलटा करून बघा. डाव्या टोकाला आतल्या बाजूने खिळ्याने कोरलेला बदाम आहे, मी सातवीत असताना कोरला होता आणि त्यासाठी बाबांचा मार खाल्ला होता. दिसला तर विकत घेऊन ठेवा, पैसे मी देतो.