सहा शनिवार आणि एक लुटुपुटीचे संचालक मंडळ : जळगावातील सादरीकरण वर्गाचा अनुभव

यावल तालुक्यातील एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. आमच्याकडे बीबीएच्या शेवटच्या वर्षाला एक अंतर्गत परीक्षा असते. विद्यार्थ्याने एखादा व्यावसायिक प्रस्ताव औपचारिक बैठकीत मांडायचा, समोर बसलेल्या तीन परीक्षकांनी संचालकांच्या भूमिकेतून प्रश्न विचारायचे आणि 50 पैकी गुण द्यायचे. एरवी स्नेहसंमेलनात माइक न सोडणारी मुले या टेबलासमोर आली की त्यांची बोबडी वळते, हे दरवर्षी पाहत आल्यामुळे यंदा अकरा विद्यार्थ्यांना जळगावातील एका खासगी प्रशिक्षण वर्गात पाठवले आणि सहापैकी चार शनिवार मी स्वतः मागच्या बाकावर बसून काढले. वर्गाच्या संचालकांशी माझे बोलणे अद्याप सुरू असल्याने नाव येथे देत नाही. शुल्क प्रत्येकी 3,500 रुपये होते आणि वेळ दुपारी 2 ते 5.30.

पहिले दोन शनिवार उभे कसे राहावे, हात कोठे ठेवावेत, हस्तांदोलन कसे करावे यात गेले. एप्रिलच्या उन्हात, पंख्याखाली, मुलांना टायची गाठ मारायला शिकवण्यात पाऊण तास गेला, यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

खरा वर्ग तिसऱ्या शनिवारी सुरू झाला. त्या दिवशी कंपनी सचिव म्हणून काम केलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी सादरीकरणाचा विषयच काढला नाही. आधी बैठक म्हणजे काय, ते सांगितले. कंपनी कायदा 2013 प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेची लेखी सूचना किमान 7 दिवस आधी द्यावी लागते, एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जी संख्या जास्त असेल तेवढे संचालक हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही, आणि झालेल्या कामकाजाचे इतिवृत्त ठेवणे बंधनकारक असते. मुले हे सर्व परीक्षेच्या टिपणांसारखे उतरवून घेत होती. तेवढ्यात बाईंनी विचारले, की गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची वार्षिक सभा कोणी पाहिली आहे का? बहुतेकांचे हात वर गेले. 30 सप्टेंबरच्या आत उरकायच्या त्या सभा, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, सूचक आणि अनुमोदक, आणि सर्वांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’, हे शब्द मुलांनी वडिलांच्या किंवा काकांच्या मागे बसून लहानपणापासून ऐकलेले होते. संचालक मंडळाची सभा ही त्याच घराण्यातली गोष्ट आहे, एवढे कळल्यावर वहीतली मान वर आली. इतकी वर्षे मी हाच विषय इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकवत आलो आणि मला हे कधी सुचले नाही, याची थोडी खंत वाटली.

त्यानंतर प्रत्येकाने आपला प्रस्ताव एका पानात लिहून आणायचा, तो सभेपूर्वी ‘संचालकांना’ वाटायचा आणि सभेत पहिल्या मिनिटातच मागणी सांगायची, असा दंडक बाईंनी घातला. आमच्या एका विद्यार्थ्याचा विषय होता केळी पिकवण्यासाठी रायपनिंग चेंबर. त्याने सहा स्लाइड जळगावच्या केळीची थोरवी सांगण्यात घालवल्या. 2016 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही त्यात आले. बाईंनी त्याला थांबवून विचारले, ‘समोरच्यांना केळी ठाऊक आहेत. तुम्हाला त्यांच्याकडून काय हवे आहे?’ तो गप्प झाला. त्याला एका वाक्यात सांगता येईना, कारण ते त्याने ठरवलेच नव्हते. पुढच्या शनिवारी त्याने सुरुवात केली ती अशी : ‘अध्यक्ष महोदय, विषय क्रमांक चारअन्वये चेंबरच्या उभारणीसाठी बँकेकडे कर्ज मागण्यास मंडळाने मंजुरी द्यावी, अशी विनंती आहे.’ थोरवीच्या सहापैकी पाच स्लाइड गेल्या होत्या.

प्रश्नोत्तरांचे दोन शनिवार या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहेत. निवृत्त बँक अधिकारी असलेले एक सर संचालक होऊन बसत आणि मुलाला बोलू देऊन मग एकच प्रश्न असा विचारत, की त्याच्या ताळेबंदातले भोक उघडे पडावे. रायपनिंग चेंबरवाल्या मुलाला तांत्रिक बाजू तोंडपाठ होती. तापमान 16 ते 18 अंश ठेवावे लागते, 13 अंशांखाली केळीची साल काळवंडू लागते, इथिलिन वायू 100 पीपीएमपर्यंत वापरता येतो आणि कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, हे त्याने घडाघडा सांगितले. सरांनी विचारले, ‘वीज गेली तर?’ तो म्हणाला, जनरेटर लावू. ‘त्याचे डिझेल कोणत्या रकान्यात धरले आहे?’ मग जे सुरू झाले ते आपण सर्वांनी तोंडी परीक्षेत केलेले आहे : आमच्याकडे वीज फारशी जात नाही, गेली तरी लगेच येते, वगैरे. यावल तालुक्यात राहून हे म्हणायला धाडस लागते!

सर हसले नाहीत. त्यांनी त्याला खाली बसवले आणि उत्तराचे वाक्य त्याच्याकडूनच घडवून घेतले. आधी चूक मान्य करायची, मग हाताशी असलेली माहिती द्यायची आणि उरलेली केव्हा देणार ते सांगायचे. चौथ्या प्रयत्नात वाक्य असे आले : ‘हा खर्च आराखड्यात धरलेला नाही, चेंबरचा विजेचा भार माझ्याकडे आहे, त्यावरून डिझेलचा अंदाज काढून पुढील सभेपूर्वी लेखी सादर करतो.’ सर म्हणाले, कर्ज मागणारा असे बोलला की बँकवाला निम्मा सैल होतो. त्या एका वाक्यासाठी चाळीस मिनिटे दिली गेली आणि ती मला मुळीच जास्त वाटली नाहीत.

आता तक्रारी. तुकडी 15 जणांची असेल असे आम्हाला सांगितले होते, प्रत्यक्षात 24 जण होते, त्यामुळे प्रश्नोत्तरांची पाळी अनेकांच्या वाट्याला एकदाच आली. गुणपत्रके तब्बल बारा दिवसांनी मिळाली आणि त्यांवर आकड्यांखेरीज एक अक्षर नव्हते. मुलाने 31 गुणांतून शिकायचे काय? परंतु सर्वांत खटकले ते गुणपत्रकच. त्यात ‘उच्चार व भाषाशुद्धी’ला 10 गुण आणि प्रश्नोत्तरांनाही 10 गुण आहेत. यावल-रावेरकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, हे जळगावातील परीक्षकाला सांगण्याची गरज नसावी. आमची एक विद्यार्थिनी वेफर उद्योगाचा प्रस्ताव मांडताना भरात ‘केयी’ म्हणाली आणि तिचे उच्चाराचे 7 गुण कापले गेले. तेल, मजुरी, पॅकिंग आणि वाया जाणारा माल या चारही गोष्टी खर्चात धरणारी त्या दिवशीची ती एकटी होती. औपचारिक सभेत प्रमाण भाषा यावी, हे मलाही मान्य आहे आणि मी ती मुलांकडून करूनही घेतो. पण संचालक कर्ज नाकारतो ते हिशेब चुकला म्हणून, ‘ळ’ चुकला म्हणून नव्हे.

आमची परीक्षा मागील महिन्यात झाली. अकरापैकी नऊ जणांनी मागणी पहिल्या मिनिटात मांडली. वेफरवाल्या मुलीला परीक्षकांनी बटाट्याच्या वेफरच्या स्पर्धेविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली की त्या दरांची माहिती आज नाही, शुक्रवारपर्यंत देते. आणि शुक्रवारी सकाळी तिने कागद खरोखरच आणून दिला, जो परीक्षेसाठी लागणारही नव्हता.

गुणपत्रकाबाबत वर्गाच्या संचालकांना भेटलो. वर्षभराची पत्रके छापून झाली आहेत, असे त्यांनी सांगितले. आमच्या महाविद्यालयाच्या पत्रकात मी उच्चाराचे गुण 10 वरून 3 केले आहेत आणि उरलेले 7 प्रश्नोत्तरांना जोडले आहेत. पुढच्या तुकडीला मुले फक्त तिसऱ्या शनिवारपासून पाठवीन, असेही मी त्यांना कळवले. त्यांनी चार शनिवारांचे 2,800 रुपये सांगितले आहेत. माझ्या हिशेबाने 2,333 होतात.