आठ फुटी लांबट खोलीला मोरोक्कन साज: घोटीव चुना, टाइल की स्टेन्सिल?

जळगाव, धुळे, भुसावळच्या जुन्या गल्ल्यांत आणि नव्या रो-हाऊसमध्येही एक खोली हमखास भेटते: आठ फूट रुंद, सोळा फूट लांब, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. तिला मोरोक्कन थाट द्यायचा म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आधीच बोळ, त्यात एवढी नक्षी कशाला?" पण ही शैली अरुंद खोल्यांतच वाढली आहे. मोरोक्कोतल्या फेझ आणि माराकेश शहरांच्या जुन्या घरांत मधे चौक आणि चौकाच्या कडेने लांबट खोल्या. छताला सिडार लाकडाच्या तुळया, आणि तुळई जेवढी लांब तेवढीच खोली रुंद. आपल्या धाब्याच्या घरांचं मापही तुळईच ठरवायची.

फरक हवामानाचा आहे. उन्हाळा तिकडेही चाळिशी ओलांडतो, पण कोरड्या माराकेशात टिकणारी वस्तू आपल्या पावसाळ्यात आणि त्याआधी दोन-तीन महिने चालणाऱ्या कूलरच्या ओल्या वाऱ्यात टिकेलच असं नाही. त्यात पायाखाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा पाडते. म्हणून फोटो पाहून साहित्य ठरवू नका, आधी भिंत तपासा. जमिनीपासून फूटभर वर दोन फुटी पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतली आहे. भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पावसाळा आणि उन्हाळा उलटल्यावर ती खुणेच्या पुढे सरकली असेल, तर भिंत अजून हलते आहे.

भिंत

तिन्ही पर्यायांना एक नियम सारखा: नक्षी किंवा गडद रंग फक्त टोकाच्या आठ फुटी भिंतीवर. ती भिंत जवळ आल्यासारखी वाटते आणि बोगद्याचा भास कमी होतो. सोळा फुटी भिंतींना फिकट, मातकट पांढरा पुरे. त्यांवर कंबरेइतकी टाइलची पट्टी फिरवली की नजर तिच्यावरून धावत जाते आणि खोली आणखी लांब दिसते. मोरोक्कोत ही पट्टी शोभते, कारण तिथली छतं उंच असतात. आपल्या दहा फुटी छताखाली ती अंगावर येते.

घोटीव चुना हा आमच्या मते सर्वांत सुंदर पर्याय, आणि सर्वांत जास्त चुका होतात त्याही यातच. माराकेशच्या 'तादेलाक्त'चं, म्हणजे तिथल्या घोटीव चुन्याच्या गिलाव्याचं, आपल्या वाड्यांतल्या चुन्याच्या घोटाईशी जवळचं नातं आहे. जुना रंग आणि पुट्टी खरवडून, प्लास्टरला टाचे मारून सुरुवात करायची. आधी चुना आणि वाळूचा १:२.५ प्रमाणात ८ ते १० मि.मी. थर. त्यावर निदान पंधरा दिवस भिजवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी समप्रमाणात घेऊन दोन पातळ थर, मिळून ३ मि.मी. आठ बाय दहा फुटांच्या भिंतीला वरच्या थरांचा साधारण २५ लिटर माल लागतो. रंगासाठी गेरू किंवा पिवळी माती चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त घातली की भिंतीला टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर रंग उतरतो. थर बोट दाबल्यावर रुतत नाही पण गार लागतो, तेव्हा गुळगुळीत गारगोटीने घोटायला लागायचं. दुसऱ्या दिवशी, भिंत ओलसर असतानाच, ऑलिव्ह तेलाच्या साबणाचं पाणी लावून पुन्हा घोटायचं. साबण आणि चुना मिळून पाण्यात न विरघळणारा पदर तयार होतो. तादेलाक्त पाण्याला दाद देत नाही तो यामुळेच.

हे काम मार्च ते मे या काळात कधीही काढू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, आणि त्यासाठी थरात थोडी ओल लागते. भुसावळच्या उन्हात पाणी तासाभरात उडतं, थराला केसासारख्या चिरा पडतात आणि हात फिरवला की भुकटी निघते. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. महिनाभर त्या भिंतीला काही टेकवू नका. भिंतीला लोणा लागलेला असेल तर चुना ओल बाहेर सोडतो, त्यामुळे पोपडे कमी धरतात, पण क्षार वर येऊन चकाकी जाते. आधी ओलीचं मूळ बंद करावं लागतं.

टाइल लवकर होते. अस्सल झेलीज म्हणजे चकाकीचा लेप दिलेली भाजलेली माती, हातोडीने कापलेली, सांधा जेमतेम एक मि.मी. आपल्या बाजारात मिळते ती मोरोक्कन छापाची सिरॅमिक टाइल, आणि या कामाला ती चालते. टोकाच्या भिंतीवर साडेतीन फूट उंचीपर्यंत म्हणजे २८ चौरस फूट. चार इंची टाइल चौरस फुटाला ९, म्हणजे २५२. तुटफुटीसह २८० घ्या, उरलेल्या जपून ठेवा. भिंतीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे लावत न्या, म्हणजे कोपऱ्यांत सारखे तुकडे येतात. कडेपासून सुरू केलं की एका कोपऱ्यात अर्धा तारा उरतो आणि एवढ्याशा भिंतीवर तो रोज खुपतो. मागे सिमेंटचे गोळे ठेवून टाइल दाबू देऊ नका, ती पोकळ वाजते आणि सुटते. दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्ह सगळीकडे सारखं पसरवा. भेग हलती असेल तर ती टाइललाही चिरत जाते.

स्टेन्सिल भाड्याच्या घराला आणि हलत्या भिंतीला योग्य. बारा इंची आठकोनी ताऱ्याचा साचा आठ फुटांत बरोबर आठ वेळा बसतो. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंग जास्त झाला की साच्याखाली पाझरतो आणि ताऱ्याचं टोक फुगतं. पार्श्वभूमीपेक्षा एकच छटा गडद रंग घ्या.

थोडक्यात निवड अशी: घर स्वतःचं, भिंत कोरडी आणि हिवाळ्यापर्यंत थांबायची तयारी असेल तर चुना. कूलरचा झोत त्याच भिंतीवर येत असेल तर टाइल. नवं बांधकाम अजून बसतंय किंवा भेग सरकतेय तर स्टेन्सिल. जुन्या जाड भिंतीत कोनाडा असेल तर तो बुजवू नका. फक्त कोनाड्याच्या आत टाइल लावली तरी खोली उठून दिसते.

फरशी

नक्षीची सिमेंट टाइल पायाला छान लागते, पण जाडी १८ ते २० मि.मी., खाली माल वेगळा. फरशी सहज दोन इंच वर येते आणि दार खालून कापावं लागतं. शेवभाजीचं तेल किंवा लिंबू सांडलं की डाग, अ‍ॅसिडने पुसलं की रंगच जातो. जेवणं याच खोलीत होत असतील तर छापाची व्हिट्रिफाइड घ्या. भिंतीवर नक्षी केली असेल तर फरशी साधीच ठेवा.

बैठक

सोफ्याचं पुढून मागचं माप ३४ ते ३६ इंच, मोरोक्कन पद्धतीच्या भिंतीलगतच्या बैठकीचं २८. ९६ इंचांच्या खोलीत एका बाजूला बैठक केली तर ६८ इंच मोकळे राहतात. दोन्ही बाजूंनी केली तर ४० उरतात आणि मधे चहाचा ट्रे ठेवला की माणूस आडवा चालतो. म्हणून एक लांब बाजू आणि टोकाची भिंत, असा काटकोनच बरा. उंची गादीसकट १६ इंच, गुडघे दुखणारी माणसं घरात असतील तर १७. खाली विटांचा ओटा बांधला तर वाळवीची भीती नाही. लाकडी पेटीत सामान मावतं, पण ती भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा. गादी कापसाचीच भरा. फोम उन्हाळ्यात तापतो. कापूस दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावा लागतो, पण पिंजारी अजून मिळतात. तक्के-लोड तर घरात असतातच.

दिवे

छिद्रांचा पितळी कंदील मधोमध टांगायचा मोह होतो. आठ फुटांत त्याची नक्षी दोन्ही लांब भिंतींवर एवढी मोठी पडते की टोकाची भिंत हरवते. त्याहून मोठी अडचण पंख्याची. ४८ इंची पंख्याची पाती कंदिलाच्या उजेडाच्या आड आली की सगळी खोली लुकलुकते, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. पंखा बंद ठेवणं खान्देशात शक्य नाही. म्हणून टोकाच्या भिंतीवर दोन लहान कंदील, साडेपाच फुटांवर, आत ३ वॉटचे पिवळसर २७०० केल्विनचे बल्ब. टांगलेलाच कंदील हवा असेल तर पात्याच्या टोकापासून तीन फूट लांब आणि पात्याच्या पातळीखाली. वायरिंग प्लास्टरच्या आधी करा. घोटलेल्या चुन्यात नंतर खाच मारली तर तो डाग कधीच जुळत नाही.