अंधेरीतला एक वर्षाचा शेफ डिप्लोमा: फी भरण्याआधी शेगड्या मोजा

भांडुपला आमच्या घरी पहाटे पाचला पहिली शिट्टी होते. आई चौदा वर्षं डबे देते. त्यामुळे बीकॉम झाल्यावर मी हॉटेलच्या किचनमध्ये जाणार म्हटलं तेव्हा घरात कुणी नाही म्हटलं नाही. प्रश्न एवढाच होता, की शिकायचं कुठे.

या शिक्षणाचं मुंबईतलं जुनं घर म्हणजे दादरचं आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट. १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने ते सुरू झालं. तिथल्या बीएस्सीसाठी बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी नक्की दिली असती. आता पुन्हा पदवीची वर्षं घालवणं परवडणार नव्हतं, म्हणून अंधेरीतल्या एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा घेतला. फी अडीच लाख. कोट, एप्रन, सेफ्टी शूज आणि सुऱ्यांचा संच यांचे पैसे वेगळे.

आधी चांगलं सांगते. सुरी धरायला मी तिथेच शिकले. पहिले तीन आठवडे फक्त कांदा, गाजर, बटाटा. सरांनी ज्युलियन (काडीसारखे लांब काप) आणि ब्रुन्वाज (अगदी बारीक चौकोनी तुकडे) इतके घोटून घेतले की आजही माझा हात थांबत नाही. स्वच्छतेचे तासही मनापासून व्हायचे. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये अन्न फार वेळ राहिलं तर जंतू झपाट्याने वाढतात, हे शिकल्यावर मी घरी आईच्या भाजीचा टोप लगेच पसरट परातींत ओतायला लावला. बेकरीची लॅबही उत्तम होती, तिथे प्रत्येकाला स्वतःचा पाव मळायला मिळायचा.

मुख्य किचनची गोष्ट वेगळी. बॅच बत्तीस जणांची आणि चालू शेगड्या आठ. म्हणजे एका शेगडीला चौघं: एक ढवळणार, एक चिरणार, एक जर्नल लिहिणार, चौथा बघणार. बेशामेल, म्हणजे दुधाचा पांढरा सॉस, झालं त्या दिवशी मी जर्नल लिहीत होते. एक लिटर दुधाला साधारण साठ ग्रॅम लोणी आणि साठ ग्रॅम मैदा, दूध थोडं थोडं घालायचं, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळाले.

नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सीडीपींनी, म्हणजे आमच्या विभागाच्या शेफनी, पाच लिटर बेशामेल लावायला सांगितलं. माप पाठ होतं. पण मैदा लोण्यात किती परतला की कच्चा वास जातो, दूध घातल्यावर व्हिस्क तळाशी कशी फिरते, हे हाताला ठाऊकच नव्हतं. गुठळ्या झाल्या, तळ लागला, सगळं टाकून द्यावं लागलं. ते रागावले नाहीत. शेजारी उभं राहून त्यांनी पुन्हा करून घेतलं. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते मला त्या अडीच लाखांत मिळायला हवं होतं, याचं आजही वाईट वाटतं.

प्लेसमेंटबद्दलही स्पष्ट विचारा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे बहुतेक वेळा कॉमी थ्री, किचनमधली सगळ्यात खालची पायरी. त्यात कमीपणा काहीच नाही, सगळे तिथूनच वर जातात. पण प्रवेशाच्या वेळी आमच्यासमोर ‘शेफ’ हाच शब्द होता आणि पगाराचा आकडा कुणी काढला नाही. मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागा आणि त्यांच्याशी स्वतः बोला. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन जनरल हा एक वर्षाचा ट्रेड असतो, हे मला फार उशिरा कळलं. कर्ज काढायच्या आधी तिथेही जाऊन या.

आमच्या संस्थेला मी पाचपैकी तीन देईन. बेकरी करायची असेल तर चार.

माझी डोंबिवलीची मामेबहीण याच महिन्यात दोन संस्था बघणार आहे. ऑफिसात बसवून माहितीपत्रक देतात त्या दिवशी जाऊ नकोस, असं तिला सांगितलंय. मंगळवारी माझी सुट्टी असते आणि दोन्हीकडे त्या दिवशी प्रॅक्टिकल असतं. आम्ही दोघी जाऊ, भांडी घासून होईपर्यंत थांबू, आणि प्रत्येक शेगडीपाशी किती जण उभे आहेत ते मोजू.