वाळूसाठी नव्हे, माळढोकासाठी जा: जैसलमेरचं राष्ट्रीय मरु उद्यान

जैसलमेरला येणारी बहुतेक मंडळी सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत फिरतात. राष्ट्रीय मरु उद्यानाचा सुदासरी भाग तिथून फार लांब नाही. माझ्या मते इतक्या लांब गाडी हाकत यावं ते सुदासरीसाठीच, तिथल्या माळढोक या दुर्मिळ पक्ष्यासाठी.

उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात वाळूच्या टेकड्या साधारण पाचवा हिस्साच. बाकी खडकाळ जमीन, सेवण गवत, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे हे माळरान बघून परकं वाटलंच नाही. आमच्याजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. सासऱ्यांनी तिथे तरुणपणी माळढोक पाहिलेत. आता तिथे तो दिसणं मुश्किल, म्हणून त्यांना घेऊन इथवर आलो.

जैसलमेरच्या वन्यजीव कार्यालयातून परवानगी घेतली आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेतला. शहरापासून सुदासरी सुमारे ६० किलोमीटर. पहाटे अंधारातच निघालो. आधी चिंकारे दिसले, मग एक वाळवंटी कोल्हा. आणि ऊन वर यायच्या आत, गवतातून चालत जाणारा नर माळढोक. मीटरभर उंच, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. एकेक पाय उचलून थांबायचा, मान वळवायचा, झटकन खाली वाकून नाकतोडा टिपायचा. "बाबा, दिसला का?" विचारलं, तर त्यांनी हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. बराच वेळ त्यांनी दुर्बीण सोडली नाही.

जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, आणि त्यातले बहुतेक याच भागात. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यात वाटेवर जागोजागी विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. तारांना धडकून मरतो. तार पक्ष्यांना दिसावी म्हणून काही ठिकाणी तबकड्या लावल्यात, पण त्या पुरेशा नाहीत. तारा जमिनीखालून न्यायलाच हव्यात.

मुक्काम मात्र समजवळच्या तंबूंत करू नका. आम्ही एका ठिकाणी राहिलो. रात्री उशिरापर्यंत डीजे, आणि पहाटे उठायचं म्हटल्यावर चहासुद्धा मिळाला नाही. जैसलमेर शहरातच राहा.

बाडमेरकडून येत असाल तर जैसलमेरच्या १७ किलोमीटर अलीकडे आकलचं जीवाश्म उद्यान लागतं. झाडांची दगड झालेली खोडं, तेही जुरासिक काळातले. अर्धा तास पुरतो, पण चुकवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चांगली दुर्बीण आणि भरपूर पाणी घ्या, टाकी जैसलमेरलाच फुल करा. आतल्या वाटा रेताड आहेत, बुटक्या गाडीने जायचा हट्ट नको. तिथली जीप घ्या. वाटाड्या ठरवतानाच सांगा, की माळढोक दिसला तरी जीप त्याच्या जवळ न्यायची नाही. लहान मुलांना दोन-तीन तास शांत बसवत नसेल, तर त्यांना किल्ला दाखवा आणि इथे मोठ्यांनीच या.