पॅक्ड की कॅपिलरी? रक्ताच्या नमुन्यापुरतं बोलायचं तर

गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याची वाफ वायूबरोबर एका नळीतून (कॉलममधून) नेऊन त्यातले घटक वेगळे करतात; प्रश्न एवढाच, की ही नळी पॅक्ड घ्यायची की कॅपिलरी. रक्तातलं अल्कोहोल तेवढं मोजायचं असेल, तर पॅक्ड कॉलम अजूनही वाईट नाही. दोन-तीन मीटरची, भुकटी ठासून भरलेली नळी. नमुना जास्त घेते, कुरकुर करत नाही. पण तिच्यात मेदाम्लांचे मिथाइल एस्टर (चरबीतल्या आम्लांचं सहज वाफ होणारं रूप) सोडले की तिचा दम संपतो: ओलेइक आम्ल आणि त्याचं ट्रान्स भावंड (अणू तेच, रेणूचा आकार वेगळा) आलेखावर एकाच बुटक्या शिखरात मिसळतात.

कॅपिलरीची पोकळी जेमतेम ०.२५ मिमी, लांबी ३० ते १०० मीटर. १९७९ मध्ये फ्यूज्ड सिलिका (अतिशुद्ध काचेची लवचिक नळी) आली, तेव्हापासून ती हाताळताना मोडायची धास्तीही कमी झाली. शिखरं सुईसारखी. नखरे मात्र फार! सीरमचा अर्क नीट स्वच्छ केला नाही, की शिखरांना शेपट्या फुटतात. मग नळीचा इंजेक्टरकडचा, म्हणजे नमुना आत शिरतो त्या टोकाचा, तुकडा कापा आणि पुन्हा सुरू. तरी मेदाम्लांसाठी मी हीच लावेन.