हजूर साहिबचा लंगर, नांदेड: एकदा तरी जेवाच

कामानिमित्त, लग्नकार्याला, कशालाही नांदेडला जाणं झालं तर एक वेळचं जेवण सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमधे, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पंगतीत, करा. फुकट आहे म्हणून सांगत नाहीये, तिथे वाढतात कसं ते अनुभवायला जा.

सोयीचं आधी सांगते. डोकं झाकावं लागतं, ओढणी नाहीतर मोठा रुमाल जवळ ठेवा. चपला जोडाघरात द्यायच्या, हातपाय धुवायचे, ताट घेऊन पंगतीत बसायचं. डाळ, भाजी, पोळी, भात, वर काहीतरी गोड. डाळ घट्ट असते, आपल्या वरणासारखी नाही, मला तर भातापेक्षा पोळीशी जास्त आवडली. मांडी घालता येत नसेल तर सेवादारांना आधीच सांगा.

आता मेन गोष्ट. पोळी ताटात टाकत नाहीत. सेवादार "परशादा जी" म्हणत येतो, आपण दोन्ही हात पुढे करायचे, मग गरम पोळी हातावर पडते. माझ्या शेजारच्या पोराने एकच हात केला तर सेवादार थांबला, हसून म्हणाला, "दोनों हाथ, बेटा". परशादा म्हणजे प्रसादच की. शिखांच्या मूलमंत्राचा शेवट 'गुरप्रसादि' असा होतो, म्हणजे गुरूच्या कृपेने, आणि तोच शब्द इथे साध्या गव्हाच्या पोळीला वापरतात! कृपा कमवून मिळत नाही, ओंजळ पुढे करून घ्यायची असते, हे मी प्रवचनांत खूप ऐकलंय पण पटलं ते त्या पंगतीत. निहंग, म्हणजे शिखांमधली लढवय्यी मंडळी, तर फुटाण्यांना बदाम म्हणतात आणि कांद्याला रूपा, हलाखीच्या दिवसांत जंगलात राहून लढणाऱ्यांची भाषा आहे ती, मला फार भारी वाटतं हे.

लंगरची प्रथा गुरू नानकांपासूनची, आणि आधी पंगत मग संगत हा नियम तिसरे गुरू अमरदास यांचा, भेटायला कोणीही आलेला असो आधी सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेवायचं. आपल्याकडे चोखोबांना पंढरीच्या देवळात शिरू दिलं नव्हतं, गावजेवणात पंगती वेगळ्या बसायच्या, हे आठवलं की या पंगतीची किंमत कळते. 1708 मधे गुरू गोबिंदसिंगांनी नांदेडलाच गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिलं आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. तरी आपलीच माणसं नांदेडला येऊन हजूर साहिबला न जाता परत जातात याचं खरंच वाईट वाटतं.

दरबारात माथा टेकल्यावर कडाह प्रसाद मिळतो, कणीक तूप साखर समसमान, तोही ओंजळीतच. हात तुपाने माखतात, लगेच पुसायला धावू नका. संध्याकाळी गेलात तर आरती चुकवू नका, दिव्यांची आरती बहुतेक गुरुद्वाऱ्यांत नसते, इथे असते. वेळ असेल तर जेवल्यावर भांडी धुवायला नाहीतर भाजी निवडायला बसा, कोणी जात विचारत नाही, आडनाव विचारत नाही. आणि ताटात काही टाकू नका प्लीज, थोडं थोडं घ्या, वाढणारे पुन्हा पुन्हा येतात.