वरच्या मजल्यावरची खोली आणि दीड टनाचा एसी : अकोल्यातला नऊ महिन्यांचा अनुभव

आमचा फ्लॅट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब, आणि बाबांच्या खोलीची एक भिंत पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरा वाजता त्या भिंतीला हात लावला, तर भाकरी उतरवून बराच वेळ झालेल्या तव्याइतकी ती कोमट लागते. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेमुळे जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं, ते दिवस अकोलेकर विसरलेले नाहीत. बाबांचं वय ७८. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर रात्रभर त्यांच्या खोलीत चालायचा. दमट हवेनं त्यांचे गुडघे धरायचे. शिवाय ज्या घरात नळ चार-पाच दिवसांनी येतो, तिथे कूलरला रोज चार-पाच बादल्या पाणी घालताना जीव तुटायचा. म्हणून मार्च २०२५ मध्ये दीड टनाचा एसी घेतला. आता डिसेंबर आहे. एक पूर्ण उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट त्यानं पाहिली. जे कळलं ते लिहितो.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या अनुभवात ब्रँडपेक्षा इतर गोष्टींनी जास्त फरक पडला.

आम्ही तीन दुकानं फिरलो. तिन्ही ठिकाणी पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, "खोली केवढी आहे?" ११ बाय १२ म्हटलं की उत्तर तयार असायचं : १३२ स्क्वेअर फूट, एक टन भरपूर झाला. खोली कितव्या मजल्यावर आहे, भिंत कोणत्या दिशेला आहे, हे कोणीच विचारलं नाही. माझ्या साडूनं याच हिशोबावर विसंबून वरच्या मजल्यावर एक टनाचा घेतला होता. त्याच्याकडे मे महिन्यात दुपारी तीनला खोली ३० च्या खाली येत नाही आणि मशीन एक क्षण दम घेत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. आमच्या खोलीवरचा खरा भार दुपारी नव्हे, संध्याकाळी सात ते रात्री अकरा असतो. खालच्या मजल्यावरच्या तेवढ्याच खोलीला एक टन पुरेल, वरच्या मजल्याला नाही.

दोन टनाचाही विचार केला होता, तो सोडला ते बरं झालं. गरजेपेक्षा मोठं मशीन पावसाळ्यात खोली पटकन गार करतं आणि थांबतं, त्यामुळे हवेतला दमटपणा तसाच राहतो. गार आणि चिकट, अशी खोली कोणाला हवी असते?

टन हे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ती ताकद आहे, साधारण साडेतीन किलोवॅट. 'दीड टन' नावाखाली विकली जाणारी सगळी मशीन सारखी नसतात, हे मला लेबल वाचल्यावर कळलं. स्टारच्या लेबलवर वॅटमध्ये क्षमता छापलेली असते. एका दीड टनावर ती ४,८०० च्या आत होती, दुसऱ्यावर ५,२०० च्या आसपास. किंमत जवळपास तीच. वरच्या मजल्याच्या माणसानं हा आकडा आधी बघावा, स्टार नंतर. आणि लेबल कोणत्या काळासाठीचं आहे तेही बघावं. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, त्यामुळे त्याआधीचं ५ स्टार आणि नंतरचं ५ स्टार एक नव्हे.

आम्ही ५ स्टार घेतला. लेबलवर वर्षाला ७७० च्या आसपास युनिट लिहिले होते, शेजारच्या ३ स्टारवर हजाराच्या जवळ. हे आकडे वर्षाला १,६०० तास चालेल असं धरून असतात. किमतीतला फरक नऊ हजारांचा होता. आमचा एसी या हंगामात साधारण १,५०० तास चालला. वीजबिलातल्या वरच्या टप्प्याचा दर धरला, तर वर्षाला तीन हजारांच्या आसपास वाचतात. म्हणजे तीन वर्षांत फरक फिटला. ज्यांच्याकडे एसी फक्त पाहुणे आल्यावर किंवा दुपारचे दोन तास चालतो, त्यांनी ३ स्टार घेऊन उरलेले पैसे चांगल्या वायरिंगवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. (आम्ही घेतला तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. सप्टेंबरपासून तो १८ झालाय, त्यामुळे आता घेणाऱ्याला तेवढा हात मोकळा मिळेल.)

विदर्भातल्या माणसानं आणखी एक विचारावं. एसीची मूळ क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजतात. आपल्याकडे ३५ म्हणजे मार्चमधली सुखद दुपार! बाहेर ४५ झालं की प्रत्येक मशीनची ताकद घटते आणि वीज जास्त लागते. कॅटलॉगमध्ये किती अंशांपर्यंत चालेल हे दिलेलं असतं. आमच्याचं ५२ आहे. भर उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर आउटडोअर (एसीचं बाहेरचं युनिट) टांगलं, तर त्याच्याभोवतीची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून आम्ही ते उत्तरेच्या गॅलरीत स्टँडवर ठेवून घेतलं. पाईप सात फूट जास्त लागला, त्याचे वेगळे पैसे गेले, पण मला ते वसूल वाटतात.

बसवताना मी वायरिंगवर फक्त एसीची वीज मोजणारा छोटा सबमीटर लावून घेतला आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहू लागलो. माझ्या दृष्टीनं या सगळ्या खरेदीतला सर्वांत कामाचा खर्च तोच.

एप्रिलच्या सुरुवातीलाच ऊन ४३-४४ वर गेलं. २६ अंशांवर, पंखा एकवर ठेवून, रात्री नऊ तासांना ८.४ युनिट लागत होते. २४ वर ठेवून पाहिलं तर जवळपास दहा. (२०२० पासून स्टारवाल्या एसींचं सुरू करतानाचं मूळ तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे अनेकांना तेच बरोबर वाटतं. पंखा हळू फिरत असेल तर २६ पुरतं.) एप्रिलच्या मध्यात गच्चीवर चुना मारला. चुना, त्यात फेव्हिकॉल, आणि दोन हात. सकाळी सहाला सुरू केलं आणि नऊच्या आत उरकलं, कारण त्यानंतर गच्चीवर पाय ठरत नाही. त्याच आठवड्यात, तेवढ्याच उन्हाच्या दिवसांत, तोच आकडा ६.१ वर आला. दोन हजारांच्या आतल्या खर्चात एवढा फरक ५ स्टारनंसुद्धा पाडला नव्हता. मेमध्ये अवकाळी पावसानं हवा बदलली, त्यामुळे पुढचे आकडे मी तुलनेला धरत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र वहीनं मला इशारा दिला. पाऊस अजून लागला नव्हता, सेटिंग तेच होतं, आणि सहाचे नऊ युनिट झाले. बाबाही म्हणू लागले, "आता पह्यल्यासारखं गार लागत नाही राज्या." पुढची जाळी उघडून टॉर्च मारला, तर कॉइलच्या एका बाजूला पातळ बर्फ धरला होता आणि दुसरी बाजू कोरडी. दुसऱ्या एका जुन्या, अनुभवी मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी आउटडोअरजवळच्या पितळी नटवर साबणाचा फेस लावला आणि मला जवळ बोलावलं. मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, पुन्हा आला. गॅस तिथून जात होता. नट काढल्यावर पाईपचं रुंदावलेलं तोंड एका बाजूनं चिरलेलं निघालं.

मग मार्चमधलं फिटिंग आठवलं. तेव्हाच्या फिटरनं पाईपमधली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "नवीन मशीन आहे साहेब, त्याची काही गरज नाही पडत." थोडा गॅस सोडून त्यानं पाईपमधली हवा काढली, फुस्स आवाज आला आणि काम झालं. असं केल्यानं पाईपमधला ओलावा आतच राहतो, आणि सांधा गळतो की नाही तेही तपासलं जात नाही. महागडी वस्तू आणि वीस मिनिटांचं निष्काळजी काम, याचा मला अजून राग आहे. त्यात उन्हाळ्यात झोप मोडली ती एका म्हाताऱ्या माणसाची. नव्या मेकॅनिकनी पाईपचं टोक कापून पुन्हा तोंड केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिलं, अर्धा तास व्हॅक्यूम केला आणि आर-३२ गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. दुसऱ्या रात्री वहीत पुन्हा सहाच्या आसपासचा आकडा आला. आता माझ्या ओळखीत कोणी एसी घेतला की मी एवढंच सांगतो : पंप आणि काटा दारात दिसल्याशिवाय खोका उघडू देऊ नका.

व्होल्टेजचा त्रास आमच्या भागात दुपारी होतो, १७० पर्यंत उतरतं. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं खोक्यावर लिहिलेलं असूनही मी लावला. बोर्ड जळाला तर खर्च मोठा, आणि ऐन मेमध्ये सुटा भाग यायला आठवडा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा एसीच्या ड्राय मोडनं (हवेतला दमटपणा काढणाऱ्या सेटिंगनं) फार सुख दिलं. रात्रीला दोन-अडीच युनिट, आणि अंथरूण कोरडं. फिल्टर उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी धुतो. आपल्याकडची धूळ पंधरा दिवस थांबू देत नाही. तक्रारी म्हणाल तर डिस्प्लेचा दिवा रात्री डोळ्यांवर येतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात सकाळी बाबांचं नाक सुकतं. उशाशी पाण्याचं पातेलं ठेवतो, झोत वरच्या दिशेला ठेवतो, तेव्हा जमतं. हॉलमध्ये कूलर अजून आहे आणि राहील. एप्रिलच्या कोरड्या हवेत चार माणसांना तोच परवडतो.

फेब्रुवारीत पुन्हा चुना मारणार आहे. पावसानं निम्मा धुऊन नेलाय, आणि पश्चिमेच्या भिंतीला या वेळी बाहेरून हिरवी जाळी बांधायची आहे. वहीत त्यासाठी एक पान कोरं ठेवलंय.